एक्केचाळीस नंबरची कुंडी

मी ज्या विषयात एम.एस्सी. करायला परदेशात गेले, त्याचं नाव आमच्या घरात कुणाच्याही तोंडात बसलं नाही. जिओइंजिनिअरिंग. आत्याने तो शब्द माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतला आणि विचारलं, "म्हणजे नेमकं काय दुरुस्त करणार तू?"

"पृथ्वी."

"आधी दारातली स्कूटर कर. दोन वर्षं झाली, नुसती किक मारतोय आम्ही."

स्कूटर झाली नाही. मी गेले.

अभ्यासक्रम तसा गंभीर होता. हवेत कार्बन डायऑक्साइड भरमसाट झालाय, पृथ्वी तापतेय आणि माणसं काही ऐकत नाहीत. तेव्हा माणसांचा नाद सोडून थेट हवामानालाच हात घालायचा, असा एकूण बेत. वर्गात आम्ही चौदा जण. कुणी ढग आणखी पांढरे करणार होतं, कुणी समुद्राला औषध पाजणार होतं. माझ्या खोलीत राहणारी मुलगी आभाळात पार उंचावर बारीक कण फवारून सूर्याला आडोसा करायच्या मागे होती. मी तिला छत्री म्हणायचे. तीही माझ्यासारखीच परक्या मुलखातून आलेली, पण दुसऱ्याच. ती मला भुकटी म्हणायची.

कारण माझा विषय भुकटी. काळा दगड पावसात झिजतो, आणि झिजताना हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात बांधून टाकतो. निसर्गाला या कामाला लाखो वर्षं लागतात. माझ्या मार्गदर्शकांना तेवढी सवड नव्हती. म्हणून दगड गिरणीत दळायचा, पीठ मातीत मिसळायचं, वरून मोजून पाणी घालायचं आणि खालून झिरपलेलं पाणी बाटलीत धरून त्यात किती कार्बन बांधला गेला ते तपासायचं. बारा वर्षं ते दगड दळत होते. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं, "इथे सर-बिर काही नाही. मला सरळ नावाने हाक मार."

साठीचा माणूस, डोक्यावर पिंजलेल्या कापसासारखे केस, आणि यांना नावाने हाक? माझी जीभच वळेना. 'सर' म्हटलं की त्यांचा चेहरा पडायचा, नाव घ्यायला गेलं की माझ्या तोंडून पुन्हा 'सर'च निघायचं. शेवटी मी असं ठरवलं की हाकच मारायची नाही. काही विचारायचं असलं की समोर जाऊन खाकरायचं. दोन वर्षं मी खाकरले. त्यांचा समज झाला की मला दमा आहे. त्यांनी काचघरात खास माझ्यासाठी मास्कचा डबा आणून ठेवला. मनात मात्र मी त्यांना खडीसाहेब म्हणायचे.

काचघरात तीन फळ्यांवर साठ कुंड्या होत्या, साठांतही गवत. पन्नास कुंड्यांत मातीबरोबर दगडाचं पीठ, दहांत नुसती माती. ह्या दहा तुलनेसाठी. मागवताना साठच्या साठ सिमेंटच्याच मागवल्या होत्या, पण टेम्पोतून उतरवताना दहा फुटल्या. मग कुणीतरी दुकानातून दहा प्लास्टिकच्या आणल्या आणि 'नुसत्या मातीच्या दहा यात लावू' म्हणून लावून टाकल्या. हे सगळं माझ्या आधी घडलेलं. फुटक्या दहांचा ढीग काचघरामागे तसाच पडून होता.

दुसऱ्या वर्षी पाणी घालायचं काम माझ्याकडे आलं. दिवसाआड, प्रत्येकीला चारशे मिलिलिटर, यादीप्रमाणे. माझी उंची पाच फूट. वरच्या फळीला मी खालूनच नळी उंच धरून पाणी सोडायचे. वरच्या सगळ्या कुंड्यांतून गवत डोकावायचं, एक्केचाळीसमधून काही डोकावायचं नाही. मला वाटायचं, गवत बुटकं असेल. बुटक्यांबद्दल मी वाईट बोलत नाही.

आणि वाईट बोलायला कारणही नव्हतं, कारण एक्केचाळीस ही आमच्या विभागाची गुणी कन्या होती. दर आठवड्याला तिच्या बाटलीतलं पाणी कार्बनच्या मोजणीत पहिलं यायचं. विभागाच्या बोळात एक भलंमोठं पोस्टर होतं. त्यावर साठ ठिपके, सगळ्यांत वर एक ठिपका, त्याच्याभोवती सोनेरी गोल आणि खाली अक्षरं: 'कुंडी क्रमांक ४१ : उद्याची दिशा'. पाहुणे आले की खडीसाहेब त्या ठिपक्यावर बोट ठेवून जरा वेळ गप्प उभे राहायचे. पाहुणेही राहायचे.

शेवटच्या सत्रात एका मंगळवारी सकाळी एक्केचाळीसची बाटली भरेना. मी स्टूल ओढलं, वर चढले आणि आत डोकावले.

आत पाणी होतं. पाण्यात काचघराचं छत. छताखाली माझं तोंड. बाकी काही नव्हतं. माती नाही, पीठ नाही, गवत तर नाहीच. तळाच्या भोकात एक खडा अडकला होता, त्यामुळे पाणी आतच साचून दोन-दोन दिवस हळूहळू गळत होतं.

मी खाली उतरले आणि पुन्हा चढले. काही गोष्टी दुसऱ्यांदा बघितल्या की सुधारतात. ही सुधारली नाही.

जुन्या वह्या चाळल्यावर उलगडा झाला. माझ्या आधीच्या विद्यार्थ्याने गवताची मुळं तोलायला ती कुंडी उपसली होती, स्वच्छ धुऊन जागच्या जागी ठेवली होती, आणि यादीतून नंबर खोडायचा राहून गेला होता. यादीत नंबर होता म्हणून मी पाच महिने एका रिकाम्या कुंडीला इमानेइतबारे पाणी घातलं. तिनेही पाच महिने इमानेइतबारे पृथ्वी वाचवली.

दुपारी मी छत्रीला सांगितलं. तिने घास तसाच धरून ठेवला.

"रिकामी?"

"पूर्ण."

"आणि तीच पहिली?"

"दर आठवड्याला."

"भुकटी, हे तू मला सांगितलंच नाहीस आणि मी ऐकलंच नाही. तुझा इथे राहण्याचा परवाना कधीपर्यंत आहे?"

"जूनच्या तीस तारखेपर्यंत."

हे तिला पाठ होतं, मलाही पाठ होतं. तीसच्या आत प्रबंध पास झाला तर खडीसाहेबांच्याच प्रकल्पात पीएच.डी.ची जागा आणि नवा परवाना. नाही झाला तर चौदा दिवसांत गाशा गुंडाळून घरी. विद्यापीठात परवाने आणि अर्ज बघणाऱ्या खिडकीवरच्या बाईंनी ते मला एकदा लाल पेनाने लिहूनही दिलं होतं, शेवटी एक हसरा चेहरा काढून.

"आधी सही घे," छत्री म्हणाली, "मग काय ती क्रांती कर."

संध्याकाळी घरी फोन लावला. बाबा गवंडी आहेत. त्यांना फोन कसा धरायचा ते आजवर कुणी पटवून देऊ शकलेलं नाही. दोन वर्षं व्हिडिओ कॉलवर मला त्यांचा उजवा कान आणि मागचा स्लॅब दिसला. त्या कानाला मी सगळी हकिगत सांगितली.

"कुंड्या सिमेंटच्या?" कानाने विचारलं.

"हो."

"नव्या होत्या तेव्हा मुरवल्या होत्या का?"

"म्हणजे?"

"अगं, नवी सिमेंटची कुंडी तशीच वापरत नाहीत. दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून ठेवायची, पाणी बदलत राहायचं. नाहीतर चुना सुटत राहतो. शेंबड्या पोरालासुद्धा माहीत असतं हे."

"इथे शेंबडी पोरं नाहीत बाबा. इथे सगळे डॉक्टरेट आहेत."

"मग झालंच."

मागून आईचा आवाज आला, "तिला विचारा, जेवली का?"

"ती कुंडीचं बोलतेय."

"कुंडी जेवली का असं नाही विचारत मी. ती जेवली का?"

मी जेवले नव्हते. मी वही उघडून बसले होते. सिमेंटमधला चुना पाण्यात उतरतो आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडतो. आमचं यंत्र त्याला दगडाची कामगिरी समजून टाळ्या वाजवत होतं. वर गंमत अशी, की सिमेंट भाजताना भट्टीतून जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत गेलेला असतो, त्यातलाच थोडासा ही कुंडी परत घेते. चोराने घरातली सगळी भांडी न्यावीत, महिन्याने एक वाटी आणून द्यावी आणि आपण त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करावा, असा प्रकार.

दुसऱ्या दिवशी खडीसाहेबांसमोर जाऊन खाकरले.

"मास्क लाव," ते म्हणाले.

"एक्केचाळीस रिकामी आहे."

"म्हणजे माती खाली बसलीय?"

"माती नाहीच. पाच महिने नाही. नुसती कुंडी आहे."

"आणि तू तिला पाणी घालत होतीस?"

"मोजून."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मला वाटलं आता भडकतील. पण त्यांचा स्वभाव तसा नव्हता. ते म्हणाले, "ठीक आहे. मोठ्या प्रयोगात असं होतं. एक ठिपका काढून टाकू. दुसरा वरचा ठिपका कोणता आहे? सतरा नंबर? सोनेरी गोल तिकडे नेऊ."

"गोलाचा प्रश्न नाहीये. सतराही सिमेंटचीच आहे. पीठ घातलेल्या सगळ्या कुंड्या सिमेंटच्या, न घातलेल्या सगळ्या प्लास्टिकच्या. आपण दगड मोजतोय असं आपल्याला वाटतंय. आपण कुंड्या मोजतोय."

"कुंडी म्हणजे भांडं. भांडं निकालात येत नाही."

"हे भांडं पहिलं आलंय."

"तुला हे कुणी सांगितलं?"

"बाबांनी. ते गवंडी आहेत."

हे ऐकून ते हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. लहान मुलाने पंतप्रधानांना सल्ला दिल्यावर मोठी माणसं हसतात तसं. त्या क्षणापर्यंत मी घाबरलेली होते. नंतर नाही राहिले. भीती कुठे गेली ते मला आजही सांगता येणार नाही, पण तिच्या जागी जे आलं त्याचा रंग लाल होता.

"मग तपासू या," मी म्हटलं. "सिमेंटच्या कुंड्या रिकाम्या, प्लास्टिकच्या पिठाने भरलेल्या. सहा आठवडे पुरतील."

"प्रकल्पाच्या कुंड्यांना हात लावायचा नाही. बारा वर्षांचं काम आहे. आणि आपल्याकडे वेळ कुठाय? तापमान तुझ्या शंकेसाठी थांबणार आहे का?"

"चुकीच्या आकड्यासाठी तरी कुठे थांबणार आहे?"

त्यांनी दार उघडून धरलं. सभ्यपणे.

प्रकल्पाच्या कुंड्यांना हात लावायचा नव्हता. काचघरामागचा फुटक्या कुंड्यांचा ढीग मात्र कुठल्याच यादीत नव्हता. त्या आठवड्यात मी पाठीवरच्या सॅकमधून चार खेपा करून तुकडे वसतिगृहात आणले. आइस्क्रीमचे प्लास्टिकचे बारा डबे जमवले. हे डबे रिकामे करायला छत्रीने मनापासून मदत केली. तिच्या मते विज्ञानासाठी तिने केलेला हा पहिला खरा त्याग. चार डब्यांत सिमेंटचे तुकडे, चारांत माती आणि गिरणीच्या फरशीवरून झाडून आणलेलं दगडाचं पीठ, चारांत नुसती माती. प्रत्येक डब्याला खाली भोक, भोकाखाली बाटली. सामाईक स्वयंपाकघराच्या खिडकीत रांग लावली आणि प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवली: 'खाऊ नये'.

आठवड्याभरात वसतिगृहाच्या रेक्टरबाईंची सूचना लागली: 'खिडकीतले दगड कोणाचे आहेत? त्यांना रोज पाणी कोण घालते? खुलासा करावा.'

छत्रीने खाली लिहिलं: 'ते मोठे होणार आहेत.'

रेक्टरबाई स्वतः आल्या. मी त्यांना उभ्याउभ्या सगळं समजावलं: चुना, कार्बन, परवाना, बाबा. त्यांनी एका डब्यात बोट घालून बघितलं.

"माझ्या घराच्या गच्चीतल्या कुंड्यांत काहीच जगत नाही," त्या म्हणाल्या. "सिमेंटच्या आहेत. नव्या."

"मुरवा."

त्या गेल्या. सूचना काढली गेली. मला वाटतं, त्या दोन वर्षांत जिओइंजिनिअरिंगने कुणाचा तरी प्रत्यक्ष फायदा केला तो एवढाच.

सहा आठवड्यांनी आकडे आले. फुटक्या तुकड्यांनी बाकी सगळ्यांना धूळ चारली. पिठाच्या डब्यांचा आकडा नुसत्या मातीपेक्षा जास्त होता, पण प्रकल्पाच्या पोस्टरवर होता त्याचा नववा हिस्सा. मी ते सगळं प्रबंधाचं चौथं प्रकरण म्हणून लिहिलं आणि प्रबंधाला नाव दिलं: 'रिकामी कुंडी : कार्बन मोजताना भांडं मोजल्याची एक नोंद'.

खडीसाहेबांनी अख्खा प्रबंध वाचला. हे मला मान्य करायला हवं. पानापानावर पेन्सिलच्या खुणा होत्या. चौथ्या प्रकरणावर एकही खूण नव्हती.

"पहिली तीन प्रकरणं उत्तम आहेत," ते म्हणाले. "चौथं काढ. आइस्क्रीमचे डबे, भंगारातले तुकडे, फरशीवरचं झाडून आणलेलं पीठ. हे काय विज्ञान झालं? काढलंस तर उद्या सकाळी सही करतो. पुढच्या सत्रात जागा तुझीच आहे. तुझ्याइतकं मन लावून पाणी घालणारं मी कुणी बघितलं नाही."

यात टोमणा नव्हता. तेच जास्त लागलं.

"उद्या कुठला तरी कारखाना आपला आकडा घेऊन म्हणेल," मी म्हटलं, "एवढा दगड पसरलाय, आता एवढा धूर आम्हाला माफ. धूर खरा असेल. माफी कुंडीची असेल."

"तू विद्यार्थिनी आहेस. पृथ्वीचा भार तुझ्यावर नाही."

"मग मला या विषयाला घेतलंत कशाला?"

मी सवयीने खाकरले. त्यांनी सवयीने मास्कचा डबा पुढे केला. मी घेतला नाही.

"मला दमा नाहीये," मी म्हटलं. "कधीच नव्हता." आणि बाहेर आले. दोन वर्षांत त्यांना सांगितलेलं ते सगळ्यांत मोठं सत्य होतं बहुतेक. कुंडीपेक्षा त्यांना त्याचाच जास्त धक्का बसलेला दिसला.

मार्गदर्शकाच्या सहीशिवाय प्रबंध सादर करता येतो. त्यासाठी एक अर्ज आहे. खिडकीवरच्या बाईंनी त्याचं नाव आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. त्यांनी तीन कपाटं उघडली, दोन ठिकाणी फोन केला आणि शेवटी एका खणाच्या तळातून पिवळा पडलेला कागद काढून फुंकर मारली.

"याच्यावर लिहिलंय, 'स्वतःच्या जबाबदारीवर'," त्या म्हणाल्या. "नक्की ना? अनुत्तीर्ण झालात तर तीस तारखेनंतर मी काहीच करू शकणार नाही हं."

"नक्की."

त्यांनी शिक्का मारला. या वेळी हसरा चेहरा काढला नाही, पण पेन हातात घेऊन क्षणभर विचार केला तेवढ्याने बरं वाटलं.

तोंडी परीक्षा सव्वीस तारखेला झाली. लांबलचक टेबल. एका टोकाला अध्यक्ष, शेजारी बाहेरून आलेल्या परीक्षक, मातीच्या रसायनशास्त्रातल्या नावाजलेल्या बाई. खडीसाहेब भिंतीशी खुर्ची टाकून बसले होते. मार्गदर्शकाला मत नसतं, बसायला मिळतं.

परीक्षकबाईंनी सव्वा तास मला पिळून काढलं. डबे किती दिवस आधी धुतले, तुकड्यांचा आकार कसा मोजला, नळाच्या पाण्यात मुळात किती क्षार होते. मी उत्तरं देत गेले. मग त्यांनी प्रबंध मिटला.

"समजा तुमचं बरोबर आहे. तर तुमची शिफारस काय?"

"दोनच. तुलनेच्या कुंड्या आणि बाकीच्या कुंड्या एकाच मालाच्या हव्यात. आणि पोस्टर उतरवा."

भिंतीशी खुर्ची करकरली.

मला बाहेर बसवलं. पाऊण तासाने आत बोलावलं. अध्यक्ष मृदू आवाजात म्हणाले, "तुमच्यासमोर दोन वाटा आहेत. चौथं प्रकरण मागे घ्या, तर आत्ता इथेच चांगल्या गुणांनी उत्तीर्ण. ठेवायचं असेल, तर वाद असल्यामुळे प्रकरण पाच जणांच्या समितीकडे जाईल. समिती बसते अडीच महिन्यांनी. तुमच्या परवान्याची मुदत आम्हाला माहीत आहे, म्हणून सांगतोय."

ते खरंच माझ्या काळजीने सांगत होते. खोलीतली सगळीच माणसं चांगली होती. कुणीतरी एक दुष्ट असता तर काम सोपं झालं असतं.

मी विचार केला. म्हणजे, केल्यासारखं दाखवलं, कारण लगेच उत्तर दिलं तर उर्मट दिसतं. टेबलाच्या कडेची लाकडी पट्टी उचकटली होती, ती अंगठ्याने दाबत मी दहापर्यंत आकडे मोजले.

"ठेवायचं," मी म्हटलं.

"नीट विचार करा."

"केला. दहापर्यंत."

तीस तारीख आली आणि गेली. छत्रीने मला सोडायला येताना डोळे पुसले आणि सांगितलं, की मी मूर्ख आहे, आणि तिच्याही विषयात एक आकडा आहे ज्याकडे ती गेलं वर्षभर बघत नाहीये, आणि आता माझ्यामुळे तिला बघावं लागणार, म्हणून मी दुप्पट मूर्ख आहे. आम्ही मिठी मारली. पीएच.डी.ची जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. त्याची उंची चांगली आहे असं ऐकलं.

घरी आल्यावर आत्याने विचारलं, "झाली दुरुस्त?"

"अजून नाही."

"मग परत कशाला आलीस?"

आई शेजारी सांगायची, "निकाल राखून ठेवलाय तिचा," आणि ते अशा सुरात, जसं काही तिथल्या लोकांना तो निकाल इतका आवडला की परत द्यायला मनच होईना.

अडीच महिन्यांनी समिती बसली. मी व्हिडिओवर हजर. घरात नेटवर्क मध्येच तुटतं, म्हणून बाबांचं काम चालू होतं त्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर गेले. लॅपटॉप सिमेंटच्या पोत्यांच्या थप्पीवर ठेवला. खाली मिक्सर गरगरत होता. बाबांनी तो बंद करायला लावला आणि सगळ्या कामगारांना बजावलं, की वर पोरीची परीक्षा आहे, कुणी हूं का चूं करायचं नाही. त्यामुळे सात-आठ माणसं काम सोडून जिन्यात उभी राहिली आणि परीक्षा ऐकू लागली.

पडद्यावर पाच चेहरे. सहावा, कोपऱ्यात, कापसासारखे केस.

"तुमच्या मागे ते काय आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

"सिमेंट."

कुणीतरी घसा साफ केला. मी नव्हते.

परीक्षकबाईंनी आपलं म्हणणं मांडलं. मग अध्यक्ष म्हणाले, "मार्गदर्शकांना काही सांगायचं आहे का?"

खडीसाहेब म्हणाले, "मी प्लास्टिकच्या वीस कुंड्या आणल्या. दहांत पीठ घातलं, दहांत नुसती माती. पाणी स्वतः घातलं." ते थांबले. जिन्यातली माणसंही श्वास रोखून थांबली. त्यांना भाषा कळत नव्हती, पण हार मानताना माणूस कसा बसतो ते कळत होतं. "तिने नववा हिस्सा लिहिलाय. ते बरोबर नाही. आठवा आहे."

"आठवा," मी म्हटलं. "माझी हरकत नाही."

"आठवाच," ते म्हणाले, आणि पाठ ताठ केली.

मतदान झालं. चार विरुद्ध एक. चौथ्या प्रकरणासकट उत्तीर्ण. मी बाबांकडे बघून मान हलवली. जिन्यात टाळी वाजली, बाबांनी डोळे वटारले, टाळी थांबली.

"एक किरकोळ बाब," अध्यक्ष म्हणाले. "शीर्षक. 'रिकामी कुंडी' हे विद्यापीठाच्या यादीत जरा, म्हणजे कसं सांगू, हलकं वाटतं. त्याऐवजी 'विनाभरित प्रयोगपात्र' असं करू या. तुम्ही हो म्हणा, की आजचा विषय संपला."

अडीच महिने, एक परवाना, एक जागा. समोर पदवी, आणि आड फक्त एक शब्द. शहाण्या माणसाने हो म्हटलं असतं. बाबांचा कान जिन्यातूनही मला हो म्हण, हो म्हण असं सांगताना दिसत होता.

"नाही," मी म्हटलं.

"का?"

"कारण ती रिकामी होती. आपण सगळे तिच्यासमोर गप्प उभे राहायचो आणि ती रिकामी होती. विनाभरित प्रयोगपात्रासमोर कुणी उभं राहिलं नव्हतं."

पाचांपैकी एका गृहस्थांनी हात वर केला. "मग माझं मत मी मागे घेतो. आम्ही एवढं समजुतीनं घेतोय आणि ही—"

"पुन्हा मतदान," अध्यक्ष दमलेल्या आवाजात म्हणाले.

तीन विरुद्ध दोन. तरीही उत्तीर्ण. शीर्षक होतं तसंच.

"अभिनंदन," अध्यक्ष म्हणाले. "पण खरं सांगू का, तुम्ही फार हट्टी आहात."

"हो," मी म्हटलं. "तेवढं इतिवृत्तात लिहून घ्या."